बिनखाड्याची बावीस वर्षं

हिराबाई पट्टणशेट्टी पहिल्यांदा माझ्या टेबलापुढं आली तेव्हा मी तिला हाकललं होतं. खोटं कशाला बोलू? दुपारचा दीड वाजलेला, प्रिंटरनं कागद गिळलेला, पोटात कावळे ओरडत होते, आणि ही बाई प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून ‘कागद करायचाय, कागद करायचाय’ असा घोशा लावून उभी. “ओ मावशी, दोन घास गिळू द्या की आधी!” मी खेकसलो. ती गुमान बाकड्यावर बसली. मी डबा उघडला तशी मान लांब करून तिनं माझ्या भाकरीकडं बघितलं आणि म्हणाली, “पीठ नीट मळलेलं न्हाई. कडंला चिरा पडल्यात बघा. कुणी केली?”

“मीच. बायको माहेरी गेलीया.”

“दिसतंय की,” ती म्हणाली.

राग यायला पाहिजे होता, हसू आलं. डबा खाऊन मी तिचं काम हातात घेतलं, ते पुढं तीन वर्षं सुटलं नाही.

मी कृष्णात. कोल्हापुरात कोर्टाच्या समोर पत्र्याच्या शेडात माझं टायपिंगचं टेबल आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी खडखड मशीन होतं, आता कॉम्प्युटर. लोकांची भांडणं मी टाइप करतो. बांध, घटस्फोट, भाडेकरू, मारामारी. रडणारी माणसं बघून बघून माझ्या काळजाला घट्टे पडलेत असं बायको म्हणते. पडले असतील. पण हिराबाईचं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि ते कुणावर काढायचं हे कळत नाही. म्हणून लिहून काढतोय.

हिराबाई एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात भाकरी करायला होती. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून काय दिवे लागणार आहेत? नवरा मल्लेश नव्व्याण्णव साली गेला. पदरात पाच वर्षांची लेक. पुढच्या वर्षी ही तिथं चिकटली आणि बावीस वर्षं त्या चुलीपुढनं हलली नाही. दोन वेळच्या मिळून तीन-चारशे भाकरी, दोघी-तिघींनी थापायच्या, त्यातल्या निम्म्या हिच्या एकटीच्या. आणि सांगायची ती एकच गोष्ट सांगायची, “एक दिवसाचा खाडा न्हाई माझा.” लेकीच्या लग्नात दुपारी अक्षता पडल्या आणि ही सांजच्या भाकरीला हजर. एकोणीस सालच्या महापुरात मुली वसतिगृहात अडकल्या तर आठ दिवस तिथंच राहून चूल चालवली. ताप आला तर दुधात हळद टाकून प्यायची, पदर खोचायची आणि पिठात हात घालायची. (आमच्याकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात, तेव्हा पुढं तिचं बोलणं वाचून दचकू नका.)

बावीस साली संस्थेनं स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं. एका सकाळी फाटकावर तिला सांगितलं, उद्यापासनं येऊ नका. एवढंच. बावीस वर्षांचं काम एका वाक्यात संपलं. ती मुबशिरा मॅडमकडं गेली. मॅडम तरुण आहेत, पण कामगारांच्या केसेस जीव तोडून चालवतात. त्यांनी सांगितलेला अर्ज टाइप करून घ्यायला तिला माझ्याकडं पाठवलं होतं.

अर्जाच्या शेवटी मी नेहमीचं वाक्य टाकलं, ‘अर्जदारास सेवासातत्यासह पूर्ववत कामावर घेण्याचा हुकूम व्हावा.’ हे वाक्य आता माझी बोटंच टाइप करतात, मला बघावं लागत नाही. तिला वाचून दाखवलं.

“ते मधलं काय म्हणालासा?”

“सेवासातत्य.”

“म्हंजे?”

आता मला शब्दांचा नाद आहे. शाळेत आमचे संस्कृतचे गुरुजी छडी हातात घेऊन शब्द फोडायला शिकवायचे, ते अजून अंगातनं गेलेलं नाही. कुणी विचारलं की मी सुटतो. तिलाही सांगायला लागलो. सतत वरनं सातत्य. सततच्या पोटात जो धातू आहे त्याचा अर्थ ताणणं. त्याच्यावरनंच तंतू आला, संतती आली. मधे कुठं न तुटता ताणलेला धागा, हे सातत्य. इंग्रजीत त्याला कंटिन्युइटी म्हणतात, आणि मॅडम सांगतात की त्याच्याही मुळाशी धरून ठेवणंच आहे, सगळं एकत्र धरून ठेवणं. श्रावणातली संततधार, गाभाऱ्यातला अखंड दिवा, पत्रिकेवरची अखंड सौभाग्यवती, आणि शाळेतलं ते सातत्यपूर्ण मूल्यमापन, ज्याच्या तक्त्यांनी मास्तर लोकांचा जीव मेटाकुटीला आणलाय, अर्थानं ही सगळी एकाच भावकीतली मंडळी. पण कोर्टात त्याला जीवनमरणाचा अर्थ आहे. माणसाला कामावर परत घेतलं आणि सातत्य दिलं नाही, तर तो काल भरती झाल्यासारखा. मागची वर्षं पाण्यात. सातत्य दिलं, तर पहिल्या दिवसापासनंची नोकरी सलग धरतात. मग कायमपणा आला, म्हातारपणीचं निवृत्तीवेतन आलं.

हिराबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे बिनखाडा म्हणा की सरळ. येवढं मोठं कशापायी?”

गुरुजी असते तर त्यांनी तिच्यापुढं छडी खाली ठेवली असती.

“आणि ते मला मिळंल न्हवं?” तिनं विचारलं. “लेकीच्या घरात एक खोली हाय. जावई वाईट न्हाई. पण मरंपर्यंत त्याच्या ताटातलं खायचं म्हंजे...” सासरचं कुणी उरलं नव्हतं, मुलगा नव्हता. त्या एका शब्दावर बाईचं म्हातारपण टांगलेलं होतं.

“मिळंल की!” मी छाती ठोकून सांगितलं. “बावीस वर्षं बिनखाडा! तुम्हाला न्हाई मिळायचं तर कुणाला?”

कशाला बोललो कुणास ठाऊक. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

चार महिन्यांनी संस्थेनं हजेरीपटाच्या नकला कोर्टात दाखल केल्या. मॅडमनी मला आणि हिराबाईला बोलावून घेतलं. टेबलावर नकलांची चळत. मॅडम पानं उलटत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

“हिराबाई, जानेवारी ते जून तुमचं नाव आहे. जुलैपासून तुमच्या जागी शिवलीला अण्णाप्पा मगदूम. डिसेंबरपर्यंत. परत जानेवारीत तुम्ही. दरवर्षी असंच. ही शिवलीला कोण?”

“मीच की,” हिराबाई म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“माझं माहेरचं नाव त्ये. लग्नात नाव बदललं, हिराबाई ठिवलं. सगळ्यांचंच बदलतात की.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिले सहा महिने भरले तेव्हा वसतिगृहाच्या सुपरवायझरनं, सयाजी त्याचं नाव, तिला बोलावून सांगितलं की आता सहा महिने घरी बसायचं, नियमच आहे. हिचं धाबं दणाणलं. घरी बसली की जागेवर दुसरी येणार. पाया पडली. तेव्हा त्यानं डोकं खाजवल्यासारखं केलं आणि विचारलं, माहेरचं नाव काय तुझं? शिवलीला. मग झालं की! सहा महिने हिराबाई, सहा महिने शिवलीला. चुलीला काय कळतंय! आणि सही? सारखी दिसायला नको. हिचं माहेर शिरोळच्या पुढं कृष्णाकाठाला, गावात कानडी शाळा, हिनं तिथं चार इयत्ता केलेल्या. सयाजी म्हणाला, मग शिवलीलाची सही कानडीत कर. बावीस वर्षं ही बाई सहा महिने मराठीत सही करत होती आणि सहा महिने कानडीत.

“मला वाटलं, किती देवमाणूस हाय!” हिराबाई म्हणाली. “माझा खाडा चुकवला त्यानं. दिवाळीला फराळ द्यायचो मी त्याला.”

मी खुर्चीतनं उठलोच. कप्पाळ माझं! वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. हे संस्थेला माहीत होतं, सयाजीला माहीत होतं. एका नावाचे एकशे ऐंशी, दुसऱ्याचे एकशे ऐंशी. कागदावर दोन बायका, दोन्ही अर्ध्या, दोन्ही कच्च्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते हेच.

“अक्कल गहाण ठेवलीती काय मावशी? स्वतःच्या हातानं स्वतःचं तोडत बसलासा बावीस वर्षं!”

तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. “सहा म्हैनं घरी बसलो असतो तर पोरीला काय घातलं असतं? तुमी काय केलं असतं, सांगा की.”

मी खाली बसलो.

मॅडमनी मात्र हिंमत सोडली नाही. म्हणाल्या, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत एवढं सिद्ध झालं की सगळे दिवस जोडले जातात, आणि वर संस्थेचं कपटही उघडं पडतं. आता सिद्ध कसं करायचं? आधारकार्डावर नुसती हिराबाई. लग्नपत्रिका आणि शाळेचा दाखला माहेरच्या ट्रंकेत होता, ती ट्रंक महापुरात गेली. सही जुळायची नाही, एक मराठी एक कानडी. चुलीवरच्या दुसऱ्या बायका ठेकेदाराकडं कामाला राहिलेल्या, त्यांची तोंडं शिवलेली. वसतिगृहातल्या पोरींना ठाऊक ती फक्त हिरामावशी.

“सख्खा भाऊ आहे ना तुम्हाला?” मॅडमनी विचारलं. “त्यांनी शपथेवर दोन वाक्यं सांगितली तरी बास. ही माझी बहीण शिवलीला. हिचं सासरचं नाव हिराबाई.”

हिराबाईचा चेहरा असा फुलला म्हणता! “शिवशरण? आवो, त्यो एका पायावर येतोय! पस्तीस वर्षं झाली लग्नाला, एक भाऊबीज चुकवली न्हाई त्यानं. पाऊस असू दे न्हाईतर संप असू दे, साडी घिऊन दारात हजर.”

मी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि एका रविवारी माझ्या स्कूटरवरनं तिला घेऊन गेलो. भावाला आवडतात म्हणून तिनं पहाटे उठून शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. जयसिंगपूर मागं पडलं तसा तिला कंठ फुटला. हा ऊस अमक्याचा, ह्या विहिरीवर आम्ही पोहायचो, ह्या मळ्यात आण्णांनी, म्हणजे वडलांनी, मला बैलावर बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला इतकं बोलताना ऐकलं.

शिवशरणचं घर नवं होतं, पुराच्या भीतीनं चांगलं पुरुषभर उंच जोत्यावर बांधलेलं. पन्नाशीचा गडी, कपाळाला विभूती, अंगात बनियन. बहिणीला बघून पळत पायऱ्या उतरला. “अक्का! उनाचं आलीस व्हय? फोन करायचास की, गाडी लावून दिली असती. या पावणं, या वर.” चहा झाला, पोह्याच्या ताटल्या झाल्या. त्याची बायको हिराबाईच्या पाया पडली. चांगली माणसं होती हो. तेच तर वाईट आहे.

मी कागद पुढं केला. त्यानं वाचला. परत वाचला. तिसऱ्यांदा तो वाचत नव्हता, नुसता कागदाकडं बघत होता. मग आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात एक फाइल होती, आणि त्यानं ती हिराबाईला न देता मला दिली.

आत फेरफाराचा उतारा होता. बाप गेल्यावर जमीन कुणाच्या नावावर चढली ते सांगणारा कागद. असले मी हजार बघितलेत. तारीख दोन हजार अकराची. ‘अण्णाप्पा मगदूम मयत. वारस, मुलगा शिवशरण. मुलगी शिवलीला, मयत.’

मी तो शब्द दोनदा वाचला.

“काय लिवलंय?” हिराबाईनं विचारलं. मी फाइल मिटली. तिनं भावाकडं बघितलं. “काय लिवलंय रं?”

शिवशरण जमिनीकडं बघत बोलायला लागला. “आण्णा गेल्यावर वारसनोंद करायची हुती, अक्का. तू म्हणालीस, मी हक्क सोडून देतो, मला माहेर पायजे, जमीन नगं. पर सही करायला तुला यायला लागत हुतं. तीन तारखा धरल्या. तिन्ही बारीला फोन केला तुला. तिन्ही बारीला म्हणालीस, रजा न्हाई, खाडा पडंल. मग एक एजंट म्हणाला, बहीण मयत दाखवा, कटकटच न्हाई. मी... मी लिहून दिलं.”

हिराबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, “रविवारी आलो असतो की रं मी.”

“रविवारी हापीस बंद असतंय, अक्का.”

माझं टाळकं सरकलं. दुसऱ्याच्या घरात बसलोय, त्याचे पोहे खाल्लेत, काही भान राहिलं नाही. “जमिनीसाठी बहीण मारलीस, आणि त्याच वर्षी भाऊबिजेला तिच्याकडनं ओवाळून घेतलंस? लाज न्हाई वाटली?”

तो रडायला लागला. मोठा माणूस, हुंदके देऊन. त्याची बायको मधे आली, माझ्यापुढं हात जोडले. “दादा, जमिनीसाठी न्हाई वो, अक्कांनी मागितली असती तर निम्मी दिली असती. कागद अडकलाता म्हणून केलं. आता त्यातली दीड एकर इकलीया, तवा कुठं हे जोतं उचललं. उद्या ह्यास्नी शपथेवर बहीण जित्ती हाय म्हणून सांगितलं तर घेणारा सोडंल व्हय? ह्यास्नी आत टाकतील. दोन पोरी उजवायच्या हायत.”

“मला न्हाई येता यायचं, अक्का,” शिवशरण म्हणाला.

हिराबाई उठली. भावजयीला म्हणाली, “पोळ्या काढून घे आणि डबा दे माझा.” आणि पायऱ्या उतरून स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली.

येताना तिनं ऊस बघितला नाही, विहीर बघितली नाही. हातकणंगल्याजवळ मागनं आवाज आला, “येवढं एकच माझं हुतं वो. आईनं ठिवलेलं नाव. बाकी सगळं दुसऱ्यांनी दिलेलं.” मी वळून बघितलं नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि स्कूटर चालवायची होती.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी फाइल परत उघडली. मग म्हणाल्या, “एक वाट आहे. भाऊ नको. तुम्ही स्वतः शपथेवर सांगा की शिवलीला ती मीच. सगळं जसं घडलं तसं सांगा. खरं बोलणाऱ्याचं बोलणं कळतं. मिळेल की नाही, मी निम्मंनिम्मं धरते. पण एक लक्षात घ्या. तुम्ही सांगितलंत की समोरचे वकील त्या नावाचा माग काढणार. फेरफार बाहेर येणार. भाऊ अडकणार.”

“विचार करतो,” हिराबाई म्हणाली.

विचार! मी तिच्या मागंच लागलो. दर आठवड्याला ती यायची आणि मी सुरू व्हायचो. त्यानं तुमचा विचार केला का? मग तुम्ही कशाला करताय? म्हातारपणी तो येणार आहे का बघायला? तोवर तिचे हाल माझ्या डोळ्यापुढं चालले होते. लेकीच्या एका खोलीत सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची. जावयानं एक दिवस तिला चहा गाळताना बघून नुसतं म्हटलं, मामी, साखर जरा कमी टाका. तेव्हापासनं तिनं त्या घरात चहा पिणंच सोडलं. मान ताठ होती बाईची, पण ती ताठ मान ठेवायला जागा उरली नव्हती. शेवटी एक दिवस तिनं माझ्या टेबलावर हात टेकला आणि म्हणाली, “सांगतो. ती मीच म्हणून सांगतो. झालं समाधान?”

मी तिला चहा पाजला. दोन चमचे साखरेचा.

तिच्या उलटतपासणीची तारीख गेल्या पावसाळ्यात पडली. मी टेबल बंद करून कोर्टात जाऊन बसलो, असं मी कधी करत नाही. ती पिंजऱ्यात उभी राहिली, इस्त्रीची साडी, डोक्यावरनं पदर. शपथ घेतली. तेवढ्यात मागचं दार वाजलं म्हणून मी मान वळवली. शिवशरण आत आला होता. शेवटच्या बाकावर कडेला बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला तारीख कुणी सांगितली मला ठाऊक नाही. ऐकायला आला होता, अडवायला आला होता, का नुसता आला होता, तेही ठाऊक नाही. हिराबाईनं त्याला बघितलं. मी तिला बघताना बघितलं.

संस्थेचे वकील उठले. दोन-चार साधे प्रश्न झाले. मग त्यांनी हजेरीपट उचलला.

“जुलै ते डिसेंबर तुमच्या जागी शिवलीला अण्णाप्पा मगदूम ह्या काम करत होत्या, बरोबर?”

हिराबाईची नजर शेवटच्या बाकाकडं गेली.

“तुमचं माहेरचं आडनाव मगदूम. ह्या शिवलीला तुमच्या कोण?”

मी बाक घट्ट धरलं. मनात म्हणत होतो, सांगा मावशी, सांगून टाका, एक वाक्य.

“बहीण,” हिराबाई म्हणाली.

मॅडमनी झटकन मान वर केली.

“सध्या कुठं असतात?”

“वारली.”

“कधी?”

“दोन हजार अकरा साली.” आवाज अगदी सरळ होता, भाकरीला किती पीठ लागतं ते सांगावं तसा. “आण्णांच्या मागनं गेली.”

“मग दोन हजार अकरानंतर त्यांच्या नावानं सह्या कुणी केल्या?”

“मला म्हाईत न्हाई.”

वकील हसले आणि बसले. मॅडमनी फेरतपासणी घ्यायची म्हणून उठून दोन प्रश्न विचारले, पण हिराबाई त्याच दोन वाक्यांना चिकटून राहिली. बहीण. वारली.

निकाल दीड महिन्यानं लागला. अर्जदाराची सलग सेवा शाबीत होत नाही, अर्ज फेटाळला. कोर्टानं तरी काय करावं? समोर आलं त्यावर त्यांनी निकाल दिला. आलेलं सगळं खोटं होतं आणि ते तिनं स्वतः शपथेवर सांगितलेलं होतं. आता ती एका लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला जाते. काम असेल तेव्हा बोलावतात, नसेल तेव्हा नाही.

पण मला निकालाचं सांगायचं नव्हतं. त्या दिवशी ती पिंजऱ्यातनं उतरली आणि बाहेर व्हरांड्यात आली, ते सांगायचंय. मी रागानं लाल झालो होतो. तिला धरून विचारणार होतो की मला शब्द दिला होता ना तुम्ही, मग हे काय केलंत. तेवढ्यात शिवशरण मला ढकलून पुढं गेला आणि सगळ्या लोकांदेखत तिच्या पायावर पडला. “अक्का,” तो म्हणाला, “अक्का, घरला चल. आत्ताच्या आत्ता चल. मरंपर्यंत संभाळतो तुला. अक्का...”

हिराबाईनं पाय मागं घेतले. पदर सारखा केला. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या माणसाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं.

“कुणाला अक्का म्हणतायसा, पावणं?” ती म्हणाली. “तुमची अक्का वारली न्हवं. आत्ताच मी आत सांगून आलो की.”

आणि ती जिना उतरून फाटकाबाहेर गेली.